आधाराचे वार

वाचकाचे पत्र: मी उदगीरची आहे. यंदा बी.कॉम. पूर्ण झाले आणि पुण्यात खराडीच्या एका कंपनीत हिशेब विभागात नोकरी मिळाली. एकूण पगार २०,५०० रुपये असून हातात साधारण १८,५०० येतील. रुजू होण्यासाठी १ जुलै किंवा २२ जुलै यांपैकी एक तारीख मला निवडायची आहे. वडिलांना आधी माझे लग्न करायचे आहे. “गेलीस तर या घराचा उंबरठा पुन्हा चढायचा नाही,” असे ते म्हणाले आणि तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. त्यांच्याकडून एक रुपयाही मिळणार नाही. दोन वर्षे शिकवण्या घेऊन साठवलेले ३१,००० रुपये माझ्यापाशी आहेत. आई काही बोलत नाही, पण परवा रात्री तिने स्वतःच्या पाटल्या काढून माझ्या हातात ठेवल्या. कर्वेनगरला माझी वर्गमैत्रीण राहते आणि तिच्या खोलीत एक कॉट रिकामी आहे. भाडे ५,५००, डिपॉझिट ८,००० आणि दोन वेळच्या डब्याचे ३,२०० रुपये. नातेवाइकांपैकी लातूरचे मामा तेवढे माझ्याशी नीट बोलतात. मी जावे का? आणि घरच्यांना असे सोडून जाणे हा स्वार्थ आहे का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचे सगळे वाचताना मन अडकून राहणार नाही. तुम्ही जावे. मात्र २२ जुलैला नव्हे, १ जुलैला जावे, आणि हाताशी असलेला हा महिना वडिलांचे मन वळवण्यात न घालवता तयारीत घालवावा.

तारखेचा आग्रह मी का धरते आहे, ते तुम्ही सोबत पाठवलेल्या ऑफर लेटरमध्येच दडलेले आहे. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला होईल आणि २० तारखेनंतर रुजू होणाऱ्यांचा पहिला पगार त्याच्या पुढच्या महिन्याच्या पगारासोबत मिळेल, असे त्यात लिहिले आहे. याचा अर्थ असा, की तुम्ही २२ जुलैला रुजू झालात तर हातात पहिला पैसा ७ सप्टेंबरला पडेल आणि तोवर जवळजवळ सात आठवडे तुम्हाला साठवणीवर काढावे लागतील. १ जुलैला रुजू झालात तर तोच पैसा ७ ऑगस्टला मिळेल. घरातून मदत येणार असती, तर या एका महिन्याने फारसे बिघडले नसते. तुमच्या बाबतीत सगळे गणित त्यावरच उभे आहे.

ते गणित आपण मांडून पाहू. डिपॉझिट ८,०००, जुलै आणि ऑगस्टचे भाडे मिळून ११,०००, दोन महिन्यांचा डबा ६,४००, बस, मेट्रो आणि सकाळचा नाश्ता यांसाठी अंदाजे २,५०० आणि गादी, चादर, बादली, कुलूप यांसाठी २,००० धरले, तर ही बेरीज २९,९०० होते. तुमच्याजवळ ३१,००० आहेत. उरलेल्या ११०० रुपयांत एखादा तापसुद्धा निभावणार नाही. म्हणून उदगीर सोडण्यापूर्वी दोन फोन करावेत. ऑगस्टचे भाडे ५ तारखेऐवजी १० तारखेला देण्याची परवानगी घरमालकाकडे मागावी आणि ऑगस्टच्या डब्याचे पैसे पगारानंतर देण्याची सवलत डबेवाल्या बाईंकडे मागावी. या दोन्ही विनंत्या मान्य झाल्या, तर ८,७०० रुपये मोकळे होतात आणि पहिला पगार होईपर्यंत जवळपास दहा हजार तुमच्या गाठीशी राहतात. अडचण आल्यावर मागितलेली सवलत आणि आधी सांगून मागितलेली सवलत यांत मोठा फरक असतो. पहिल्या प्रकारात माणूस अजीजीने बोलतो आणि दुसऱ्या प्रकारात व्यवहाराने. तुम्ही हिशेब शिकलेल्या आहात, तेव्हा हा कागद तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडाल.

आईच्या पाटल्यांविषयी मी बराच विचार केला. त्या तिच्या आहेत आणि त्या कोणाला द्यायच्या हे ठरवण्याचा पूर्ण हक्क तिला आहे. तरीही त्या तुम्ही घेऊ नयेत, असे मला वाटते. चार महिन्यांनी एखाद्या लग्नात तिचे हात मोकळे दिसतील आणि प्रश्न विचारला जाईल, तेव्हा तुम्ही पुण्यात असाल आणि उत्तर देण्याची वेळ तिच्यावर येईल. तुमच्या जाण्याची किंमत घरात राहिलेल्या बाईने मोजू नये. पाटल्या तिच्या हातात परत घाला आणि तुमचे पैसे कसे पुरणार आहेत, हा हिशेब तिला बसून समजावून सांगा. आजवर तिला असे हिशेब कोणी दाखवले असतील, असे मला वाटत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. पुण्यात पूर्वी बाहेरगावचे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशा सात घरांच्या पानांवर एका मुलाचे शिक्षण होई. ती सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांपुरती होती आणि मुलींसाठी तर नव्हतीच, हे विसरता येत नाही. पण एका घराने उचलायचा भार सात घरांत वाटून घेता येतो, ही त्यातली समज आजही तुमच्या उपयोगाची आहे. घरचा आधार आपल्याला एकसंध वाटतो, कारण तो एकाच दारातून येतो. प्रत्यक्षात त्यात अनेक वेगवेगळी कामे असतात. वाईट महिन्यात पैसे देणे हे एक काम. आपली मुलगी आहे, असे परक्याला सांगून तिच्यासाठी शब्द टाकणे हे दुसरे. आणि ती वेळेवर परतली नाही तर त्याची दखल घेणे हे तिसरे. वडील यांतले एकही करणार नसतील, तर प्रत्येक कामासाठी एकेक माणूस किंवा एकेक सोय तुम्हाला शोधावी लागेल. आधाराचे वार लावावे लागतील, असे म्हणा.

शब्द टाकण्याचे काम सर्वांत आधी अडते आणि मुली नेमका त्याचाच विचार करून निघत नाहीत. बहुतेक हॉस्टेलांमध्ये आणि अनेक घरमालकांकडे पालकांची सही किंवा स्थानिक पालकाचे नाव मागितले जाते. तुमच्या महाविद्यालयातील ज्या प्राध्यापकांनी तुम्हाला जवळून पाहिले आहे, त्यांच्याकडून आत्ताच एक ओळखीचे पत्र लिहून घ्यावे आणि गरज पडल्यास त्यांचा फोन नंबर देण्याची परवानगी मागावी. मामांनाही तेच विचारावे. तुमच्या वडिलांशी भांडा, असे मामांना सांगण्याची गरज नाही. फॉर्मवर नातेवाईक म्हणून नाव घालू का, एवढेच विचारावे. बहिणीच्या मुलीसाठी इतके करणे त्यांना जड जाणार नाही आणि मेहुण्याशी त्यांचे संबंधही त्यामुळे तुटणार नाहीत.

खोलीबाबत एक पेच आहे. तुमचे ऑफिस खराडीला आणि मैत्रीण कर्वेनगरला, म्हणजे शहराची दोन टोके. वनाझहून निघणारी मेट्रो नळ स्टॉपवरून पुढे रामवाडीपर्यंत जाते आणि खराडी त्याच्याही पुढे आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना बस किंवा शेअर रिक्षा करावी लागेल. चंदननगर किंवा वडगाव शेरीला राहिलात तर हा सगळा प्रवास वाचेल, असे तुम्हाला अनेक जण सांगतील आणि ते खरेही आहे. तरीही पहिले काही महिने तुम्ही कर्वेनगरलाच राहावे, असे माझे मत आहे. नवी नोकरी टिकते की नाही, तिथले वातावरण मानवते की नाही, हे कळेपर्यंत ऑफिसच्या दाराशी डिपॉझिट अडकवण्यात अर्थ नाही. शिवाय तुमच्यासारख्या मुलीला ओळखीच्या माणसासोबतच्या खोलीचे मोल रोजच्या प्रवासापेक्षा जास्त आहे. नोकरीत कायम झालात की मग खुशाल जागा बदला.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. कॉट बेसिसच्या खोल्यांत हे सहसा पाळले जात नाही, हेही तुम्हाला दिसेलच. करार नसेल तर निदान डिपॉझिटची सही केलेली पावती घ्यावी आणि भाडे दर महिन्याला मालकाच्या खात्यावर ऑनलाइन पाठवावे, म्हणजे त्याची नोंद राहते. मी स्वतः पुण्यात आले त्या वर्षी डिपॉझिट रोख दिले होते. खोली सोडताना मालकांनी ते घेतल्याचेच नाकारले आणि माझ्याजवळ दाखवायला चिठोरेही नव्हते. त्या रकमेपेक्षा, आपण मूर्ख ठरलो ही भावना मला जास्त दिवस छळत राहिली.

पुण्यात पोचलात, की त्याच आठवड्यात नोकरदार महिलांच्या वसतिगृहासाठी अर्ज करून ठेवा. केंद्र सरकारच्या योजनेत या वसतिगृहांना ‘सखी निवास’ असे नाव आहे. मोठ्या शहरांत महिना ५०,००० रुपयांपर्यंत एकूण पगार असलेल्या स्त्रियांना तिथे प्रवेश मिळू शकतो आणि दोघींच्या खोलीचे भाडे एकूण पगाराच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तुमच्या पगारावर ते २,०५० रुपये होते. जागा थोड्या असतात आणि वाट पाहावी लागते, म्हणूनच नाव लवकर घातलेले बरे. आई-वडिलांच्या सहीवरून कुठे अडले, तर आपण सज्ञान असून नोकरीत आहोत, हे दाखवणारे कंपनीचे पत्र पुढे करावे.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे आहे, पण ते राहून गेले तर त्यासाठी पुन्हा पुन्हा घराच्याच दारात उभे राहावे लागते. दहावीपासूनची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असेल तर जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र यांच्या मूळ प्रती स्वतःच्या ताब्यात घ्याव्यात आणि सर्वांचे फोटो काढून ठेवावेत. जातीचा दाखला मूळ गावच्या तालुक्यातूनच मिळतो, त्यामुळे तो काढला नसेल तर याच महिन्यात सेतू केंद्रात अर्ज करावा. याहून महत्त्वाची आणि बहुतेकींच्या लक्षात न येणारी बाब मोबाइल नंबरची आहे. तुमच्या आधारला आणि बँक खात्याला वडिलांचा नंबर जोडलेला असेल, तर प्रत्येक ओटीपी त्यांच्या फोनवर जाईल आणि पगाराचा प्रत्येक मेसेजही त्यांनाच दिसेल. आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या आणि बँकेतही तो बदला. खाते संयुक्त असेल तर फक्त तुमच्या नावाचे वेगळे खाते उघडा. हे वडिलांवर अविश्वास म्हणून करायचे नाही. रागाच्या भरात त्यांच्या हातून एखादी गोष्ट घडली, तर नंतर त्यांनाच तिचे वाईट वाटेल, आणि ती वेळ येऊ नये म्हणून हे करायचे.

कंपनीविषयी थोडेच सांगते. रुजू होताना पैसे मागितले, मूळ प्रमाणपत्रे ‘ठेवून घेतो’ असे म्हटले किंवा नोकरी सोडल्यास मोठी रक्कम भरण्याचा बाँड पुढे केला, तर सही न करता बाहेर यावे आणि आधी मामांना किंवा तुमच्या प्राध्यापकांना फोन करावा. पगारातून पीएफसोबत ईएसआयची कपात होते आहे का, हे पहिल्या सॅलरी स्लिपवर तपासावे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ही विमा योजना लागू होते आणि त्यासाठी तुमच्या पगारातून ०.७५ टक्के, म्हणजे साधारण १५४ रुपये जातील. त्या बदल्यात ईएसआयच्या दवाखान्यात उपचार मिळतात. पाठीशी घर नसलेल्या मुलीसाठी आजारपण हाच सर्वांत मोठा अनपेक्षित खर्च असतो, म्हणून आपला दवाखाना कोणता आणि तिथे जायचे कसे, हे धडधाकट असतानाच पाहून ठेवावे.

पहिल्या पावसाळ्यात मी तापाने फणफणले होते आणि माझी खोलीतली जोडीदारीण गावी गेली होती. दोन दिवस माझा डबा भरलेलाच परत गेला. तिसऱ्या दिवशी मेसच्या काकू स्वतः दोन जिने चढून वर आल्या, कारण डबा न उघडता परत पाठवणारी ही मुलगी नाही, एवढे त्यांना ठाऊक होते. त्यांनीच मला डॉक्टरांकडे नेले. मी त्यांची कोणीही नव्हते, पण रोज डबा घेताना दोन मिनिटे थांबून त्यांच्याशी बोलण्याची मला सवय होती. तुम्हीही आपली दखल घेणारी अशी दोन-तीन माणसे पहिल्या महिन्यातच जोडावीत. मैत्रिणीशी तर सरळ ठरवूनच टाका, की रात्री अमुक वाजेपर्यंत फोन लागला नाही, तर तिने कोणाला कळवायचे. संध्याकाळी खोलीवर परतल्यावर घशाशी हुंदका येण्याचे दिवसही येतील आणि ते आले म्हणजे आपला निर्णय चुकला, असे समजू नये. ते दिवस लांबू लागले, झोप उडाली, जेवण जाईना, तर १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या नंबरवर फोन करावा. ही सरकारी सेवा मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

वडिलांविषयी. तुम्ही सज्ञान आहात आणि देशात कुठेही राहण्याचा व काम करण्याचा हक्क तुम्हाला राज्यघटनेने दिलेला आहे, त्यामुळे कायद्याने तुम्हाला कोणाच्या परवानगीची गरज नाही. मात्र पहाटे गुपचूप निघू नका. दिवसाढवळ्या, सांगून निघा. मुलगी न सांगता गेली की घाबरलेले घर ती हरवल्याची तक्रार देते, पोलीस शोधू लागतात आणि गावात नको ती चर्चा सुरू होते. कुठे राहणार, कुठे काम करणार, मैत्रिणीचा आणि कंपनीचा फोन नंबर कोणता, हे सगळे कागदावर स्वच्छ लिहून तो कागद वडिलांच्या हातात द्या. त्यांनी घेतला नाही तर देवघरात ठेवा आणि त्याची एक प्रत मामांना द्या. तरीही पोलिसांचा फोन आलाच, तर घाबरून फोन बंद करू नये. जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन, मी स्वतःच्या इच्छेने नोकरीसाठी आले आहे, असा जबाब द्यावा. तुमच्या पत्रात मारहाणीचा किंवा कोंडून ठेवण्याचा उल्लेख नाही आणि तसे काही होणार नाही अशी मला आशा आहे. झालेच, तर ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ या नंबरवर लगेच फोन करावा. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा सुनेइतकाच घरच्या मुलीलाही संरक्षण देतो.

आता स्वार्थाचा प्रश्न. आपल्या मुलीने शिकावे म्हणून ज्या वडिलांनी तुम्हाला बी.कॉम.पर्यंत पोचवले, त्यांना त्या शिक्षणाच्या पुढचे पाऊल भीतीदायक वाटते आहे. पुण्यात तुमचे काही बरेवाईट झाले तर, गावात बोलणी झाली तर, चांगले स्थळ हातचे गेले तर, अशी ती भीती आहे. ती खरी असली, तरी तिची परतफेड तुमच्या आयुष्याने करावी, असे मला मुळीच वाटत नाही. स्वतःच्या कष्टाचे पैसे साठवून, आईचे सोने परत करून आणि पत्ता मागे ठेवून जाणाऱ्या मुलीला मी स्वार्थी म्हणणार नाही. तुमच्या जाण्याने त्यांना दुःख होईल, हे खरे आहे आणि ते तुम्हाला टाळता येणार नाही. ते दुःख मान्य करून जावे लागेल. उंबरठ्याचे ते शब्द त्यांनी घाबरून उच्चारले आहेत, असे समजून वागा, आणि कितीही राग आला तरी तसेच शब्द तुम्ही उलट बोलू नका.

पैसे पाठवून त्यांचे मन जिंकता येईल, असा विचारही तुमच्या मनात येईल. पहिले सहा-सात महिने तो बाजूला ठेवा. भाडे, डबा आणि प्रवास यांचे ११,२०० वजा जाता तुमच्याकडे ७,३०० उरतील. त्यांतले ५,००० दर महिन्याला बाजूला टाकलेत, तर सात महिन्यांत तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम साठेल आणि नोकरी गेली तरी तुम्हाला उंबरठ्यावर हात पसरून उभे राहावे लागणार नाही. तोवर घरासाठी फोन पुरेसा आहे. दर रविवारी ठरलेल्या वेळी आईला फोन करा आणि वडील शेजारी बसलेले असतील असे धरूनच बोला. ऑफिसात काय काम केले, पाऊस किती झाला, डब्यात कोणती भाजी होती, असे साधेच बोला. लग्नाचा किंवा भांडणाचा विषय तुम्ही काढू नका. पीएफच्या फॉर्मवर नामनिर्देशन भरायचे असते, तिथे आईचे नाव घाला आणि ते घातल्याचे तिला सांगा.

महालक्ष्म्यांना घरी जावेसे वाटेल, पण तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि सगळ्यांसमोर वडिलांना आपला शब्द मागे घेणे अवघड जाईल. त्यापेक्षा येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला जा. त्या दिवशी सगळे शेतात असतात, भज्जी आणि आंबिलीची पंगत कडब्याच्या कोपीपाशी बसते, आणि शेतात जायला कोणाच्या घराचा उंबरठा ओलांडावा लागत नाही. मामांना दोन दिवस आधी कळवून त्यांच्यासोबतच जा. एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट आहे. त्या प्रवासाचे जाण्या-येण्याचे पैसे पहिल्या पगारातूनच वेगळ्या पाकिटात काढून ठेवा.